भंडारा जिल्हा : आद्यत्वाच्या काही नोंदी

भंडारा जिल्हा : महाराष्ट्राच्या विदर्भ विभागात, वैनगंगेच्या खोऱ्यात वसलेला पूर्वेकडील जिल्हा. क्षेत्रफळ सुमारे ४,०८७ चौ. किमी.; लोकसंख्या १२,००,३३४ (२०११). उत्तरेस मध्य प्रदेशातील बालाघाट, पूर्वेस गोंदिया, दक्षिणेस गडचिरोली व चंद्रपूर आणि पश्चिमेस नागपूर हे जिल्हे असून भंडारा, मोहाडी, तुमसर, पवनी, साकोली, लाखनी व लाखांदूर असे सात तालुके यात मोडतात. १ मे १९९९ रोजी पूर्वेकडील भाग तोडून गोंदिया जिल्हा करण्यात आला, तेव्हा जुन्या भंडारा जिल्ह्याच्या लौकिकाचीही वाटणी झाली. ‘तलावांचा जिल्हा’ हे बिरुद ज्यांच्यामुळे मिळाले त्यांपैकी सर्वांत नामवंत असा नवेगावबांधचा तलाव आणि नागझिऱ्याच्या जंगलाचा बराच भाग पलीकडे गेला. म्हणून या प्रदेशात ‘पहिले’ किंवा ‘सर्वांत मोठे’ म्हणून जे सांगितले जाते ते कोणत्या काळच्या भंडाऱ्याविषयी आहे, हे प्रत्येक वेळी पाहून घ्यावे लागते.

भंडारा या नावाचा जुना लेखी आधार जिल्ह्याबाहेर सापडतो. छत्तीसगडातील रतनपूर येथील कलचुरी राजा पहिला जाजल्लदेव याच्या इ.स. १११४ च्या शिलालेखात त्याला कर देणाऱ्या प्रदेशांची नावे आली असून त्यांत लांजी व वैरागड यांच्याबरोबर ‘भाणार’ हे नाव येते व ते भंडाऱ्याचे मानले जाते. भाण म्हणजे पितळेचे भांडे आणि त्यावरून भाणारा, अशी व्युत्पत्ती येथील पितळकामाकडे बोट दाखवून सांगतात; ती गोड असली तरी व्यवसायावरून नाव पडले की नावाला साजेशी कथा मागाहून जुळवली गेली, याचा निर्णय त्या एका शब्दावरून होत नाही. मराठी वाङ्मयाच्या दृष्टीने मात्र या गावाचा उल्लेख फार आरंभीचा आहे. मराठीतील आद्य गद्य चरित्रग्रंथ असलेल्या, म्हाइंभटांनी तेराव्या शतकात सिद्ध केलेल्या लीळाचरित्राच्या ‘एकांक’ या भागात, म्हणजे चक्रधरस्वामी एकटे भ्रमण करीत होते त्या काळाच्या वृत्तान्तात, नीळभट्ट भांडारेकर यांची भेट वर्णिलेली आहे; महानुभाव पंथाची नीट उभारणी होण्यापूर्वीच घरदार सोडून स्वामींच्या मागे निघालेला हा अनुयायी गावाचे नाव आपल्या नावातून वाहत राहिला.

याहून कितीतरी मागे नेणारे स्थळ म्हणजे पवनी. वैनगंगेच्या काठी, मातीच्या प्रचंड तटाने व खंदकाने वेढलेल्या या नगरात १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन केले व त्याचा वृत्तान्त शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. गावकरी ज्याला जगन्नाथ टेकडी म्हणत आणि ज्याच्या माथ्यावर देऊळ होते, तो उंचवटा म्हणजे विटामातीचा बौद्ध स्तूप निघाला. त्याचा व्यास ३८ मी.च्या आसपास, म्हणजे सांचीच्या महास्तूपाहून किंचित अधिकच भरतो. व्यासाची ही तुलना अभिमानाने केली जाते, परंतु अभ्यासकाला तिच्यापेक्षा स्तूपाभोवतीच्या दगडी कठड्याचे तुकडे मोलाचे वाटतात. त्यांच्यावर दान देणाऱ्या स्त्री-पुरुषांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली असून एका शिल्पात वृक्षाखालच्या रिकाम्या आसनावर फणा उभारलेला नाग दिसतो आणि तो मुचलिंद नाग असल्याचे शिल्पातच लिहिलेले आहे. ज्ञानप्राप्तीनंतर पावसात बसलेल्या बुद्धावर या नागाने फणा धरल्याची कथा प्रसिद्ध आहे. बुद्धाची मूर्ती न घडवता आसन, वृक्ष, पाऊल अशा खुणांनी त्याचे अस्तित्व सुचवण्याची जी आरंभकाळची रीत होती, तिचा हा विदर्भातला लक्षणीय नमुना होय. पवनीतच महाक्षत्रपकुमार रूपिअम्म याच्या नावाचा स्मृतिस्तंभ मिळाला असून, क्षत्रप म्हणजे शक-कुषाणकालीन प्रांताधिपती, त्यांचा संबंध इतक्या पूर्वेपर्यंत पोचल्याचे त्यावरून दिसते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९९४ मध्ये येथे पुन्हा उत्खनन केले.

जिल्ह्याची खरी मिरास मात्र दगडात नसून पाण्यात आहे. येथील माजी मालगुजारी तलाव, म्हणजे पूर्वी सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांच्या मालकीचे तलाव, ज्यांना सरकारी कागदांत आणि बोलण्यातही ‘मामा तलाव’ असे सुटसुटीत नाव पडले आहे, एक हजाराहून अधिक असून ते मुख्यतः कोहळी समाजाने बांधले. गोंड राजांनी आपल्या मुलखात लागवड वाढावी म्हणून या समाजाला उत्तरेकडून, काशीच्या बाजूने आणवले अशी परंपरा आहे. जो तलाव बांधील त्याला त्याखालच्या जमिनीचे हक्क, असा व्यवहार असल्याने धान आणि ऊस पिकवू पाहणाऱ्या कोहळ्यांनी अठराव्या शतकाच्या सुमारास तलावांच्या माळाच गुंफल्या. वरच्या तलावाचे ओसंडलेले पाणी ‘सलंग’ म्हणजे सांडव्यावरून निघून खालच्या तलावात जाते आणि तो भरल्यावर त्याच्याही खालच्या. मातीमुरमाची पाळ घालण्याजोगी जागा आणि तिची उंची ठरवताना त्यांच्यापाशी पाणी वाहते कसे याची डोळस पारख होती, नकाशे नव्हते. पाणी सोडण्याच्या ‘तुडुम’ या रचनेत पाळीच्या आतल्या अंगाला उतरत जाणारी भोके असून ती लाकडी बुचांनी बंद केलेली असतात. पाण्याची पातळी जसजशी खाली जाते तसतसे खालचे बूच काढायचे, म्हणजे तळाचा दाब न सोसता वरचे कोमट, गाळ मिसळलेले पाणी पाटाने बांध्यांत जाते. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरे घातलेला धानाचा तुकडा.

हे तलाव केवळ सिंचनाचे नव्हते. कोणाच्या बांधीला पाणी आधी, मासे कोणी धरायचे, गुरे कोठे पाजायची, या सर्वांचे गावकीचे नियम होते आणि इंग्रजी अमलातील जमाबंदीत ते ‘वाजिब-उल-अर्ज’ म्हणजे गावाच्या रूढींची नोंद आणि ‘निस्तार’ म्हणजे गावाच्या सामाईक वापराचा हक्क या सदरांखाली लिहून घेतले गेले. मध्य प्रांतातील मालगुजारी १९५० च्या कायद्याने १९५१ पासून रद्द झाली व तलाव शासनाकडे आले. मालकी बदलली तरी निस्ताराचा हक्क राहिला. मात्र दरवर्षी उन्हाळ्यात गाळ काढणारा आणि पाळीवरचे उंदरांचे बीळ बुजवणारा असा नेमका कोणी उरला नाही, आणि पुढची पन्नास वर्षे अनेक तलाव उथळ होत गेले. तलावांतली मासेमारी ढिवर समाजाच्या सहकारी संस्था करतात. धानाच्या नव्या वाणांचे काम साकोलीच्या कृषी संशोधन केंद्रात चालते.

राजकीय इतिहास थोडक्यात असा की देवगडच्या गोंड राज्यानंतर हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला. देवगडच्या बख्त बुलंद शहाच्या सुभेदाराने, राजा खान पठाणाने, इ.स. १७०० च्या सुमारास बांधलेला अंबागड तुमसरजवळ आजही उभा आहे. १८२०-२१ च्या सुमारास कारभाराचे ठाणे लांजीहून भंडाऱ्यास आले, १८५३ मध्ये राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये जिल्हा मध्य प्रांतात व १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर हाती घेतलेल्या नागपूर-छत्तीसगड मीटरमापी लोहमार्गाचा नागपूर ते तुमसर रोड हा पहिला टप्पा १८८० मध्ये सुरू झाला, म्हणजे छत्तीसगडकडे जाणारी गाडी काही महिने याच जिल्ह्यात थांबत होती. पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने हा मार्ग रुंद केला.

त्या लोहमार्गाने धानाबरोबर मँगेनीजही बाहेर नेले. भारतात मँगेनीजच्या खाणकामाचा आरंभ १८९२ मध्ये विशाखापट्टणमच्या बाजूला झाला आणि मध्य प्रांतात तो मान नागपूर जिल्ह्याला मिळाला, तेव्हा या बाबतीत भंडाऱ्याला आद्यत्व देता येत नाही; परंतु तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या खाणींनी लवकरच जिल्ह्याला जगाच्या भूशास्त्रीय वाङ्मयात आणले. (‘बुजुर्ग’ म्हणजे थोरले, घाटावर ज्याचे ‘बुद्रुक’ झाले तो शब्द येथे मूळ रूपात टिकला.) लुईस ली फर्मोर या भूशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये भारतातील मँगेनीजवर जो बृहद्ग्रंथ लिहिला, त्यात या पट्ट्यात आढळणाऱ्या, मँगेनीजयुक्त गार्नेट आणि गारगोटी यांच्या बनलेल्या खडकाला त्याने गोंडांवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले व ते पुढे रूढ झाले. चिखल्याच्या खाणीतील एका अँफिबोल खनिजाला १९५५ मध्ये बिलग्रामी यांनी ‘चिखलाइट’ म्हटले. खनिजांचे वर्गीकरण बदलल्यावर ते नाव मागे पडले, तरी एका खेड्याचे नाव काही वर्षे खनिजकोशात नांदले. या खाणी आज मॉइल या शासकीय कंपनीकडे आहेत. डोंगरीच्या उघड्या खाणीतील धातुक डायऑक्साइडने समृद्ध असल्याने कोरड्या विद्युतघटांसाठी, म्हणजे विजेरीतल्या सेलांसाठी, त्याला मागणी असते आणि विद्युत्-अपघटनाने शुद्ध मँगेनीज डायऑक्साइड काढण्याचा देशी तंत्राचा कारखानाही तेथेच उभारला गेला.

पितळकाम हा भंडारा शहराचा जुना धंदा. तांबे आणि जस्त यांच्या मिश्रणाचे पितळ, तांबे आणि कथील यांचे कासे. येथे मोड वितळवून पत्रा काढायचा, तो ठोकून पाणी भरण्याच्या गुंडाचे तळ आणि गळा वेगवेगळे घडवायचे आणि जोडावर डाग देऊन पुन्हा इतके ठोकायचे की सांधा बोटाला लागू नये, अशी रीत आहे. नवे गुंड बाजारात चकचकीत दिसते खरे, पण जाणती गिऱ्हाइके आधी ते टिचकीने वाजवून पाहतात. स्टेनलेस पोलादाने स्वयंपाकघर काबीज केल्यापासून हे ठोके बरेच मंदावले. मोहाडी तालुक्यातील आंधळगाव येथे कोसा विणतात. कोसा म्हणजे ऐन व अर्जुनाच्या झाडांवर पोसलेल्या किड्यांचे टसर रेशीम. काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असणारी विदर्भातील करवतकाठी साडी याच सुताची असून तिला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे.

भारताच्या निवडणूक-इतिहासात भंडाऱ्याची नोंद एका पराभवामुळे आहे. १९५२ मध्ये मुंबईत हरलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ मध्ये येथून लोकसभेच्या पोटनिवडणुकीस उभे राहिले. मतदारसंघ द्विसदस्य होता, म्हणजे एकाच क्षेत्रातून एक सर्वसाधारण व एक राखीव असे दोन खासदार निवडून जात व मतदाराला दोन मते असत. सर्वसाधारण जागा अशोक मेहता यांनी आणि राखीव जागा काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांनी जिंकली. बाबासाहेबांची ही शेवटची निवडणूक ठरली.

स्वातंत्र्योत्तर काळात जवाहरनगर येथे तोफगोळ्यांच्या प्रणोदक दारूचा आयुध निर्माणी कारखाना आला. २४ जानेवारी २०२५ रोजी तेथे झालेल्या स्फोटात आठ कामगार दगावले. पवनी तालुक्यात वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते बसली व २००९ मध्ये ते राष्ट्रीय प्रकल्प ठरले. सुमारे अडीच लाख हेक्टरांच्या सिंचनाचे त्याचे उद्दिष्ट असून त्याच्या फुगवट्याने खोऱ्यातील अनेक गावांना उठून जावे लागले. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याचा (२०१२) एक भाग पवनी तालुक्यात आणि कोका अभयारण्य (२०१३) भंडाऱ्यालगत आहे. नागझिऱ्यातून निघून शेतशिवारे ओलांडत उमरेड-कऱ्हांडल्यास पोचलेला ‘जय’ हा वाघ २०१६ मध्ये दिसेनासा झाला.

येथील बोली झाडीबोली म्हणून ओळखली जाते, कारण वैनगंगेच्या या रानव्याप्त मुलखाला झाडीमंडळ म्हणत. तीत ‘ळ’ च्या जागी ‘र’ आणि ‘ण’ च्या जागी ‘न’ येतो, म्हणून तळे हे ‘तरा’ होते आणि डोळा हा ‘डोरा’. वऱ्हाडीपासून ती वेगळी आहे याकडे अभ्यासकांचे लक्ष साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी वेधले. तिचे व्याकरण मांडणे, शब्दकोश रचणे आणि दंडार, खडी गंमत यांसारखे लोकनाट्यप्रकार लिहून ठेवणे हे काम त्यांनी हाती घेतले. दंडार आजही दिवाळीनंतर, मंडईच्या म्हणजे गावजत्रांच्या दिवसांत, धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांत रात्रभर चालते.