सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आणि नदीचा प्राणवायू

गावाच्या सखल टोकाला, नाला नदीस मिळण्याच्या थोडे अलीकडे, नगरपालिकेचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र बहुधा उभारलेले असते. तेथे पाणी स्वच्छ होते, एवढेच सर्वसाधारणपणे ठाऊक असते. वास्तविक नदीतील प्राणवायू राखणे हे या केंद्राचे मुख्य कार्य होय.

मैलापाण्यातील सेंद्रिय द्रव्ये जिवाणूंचे खाद्य असतात. ते पचविताना जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. पाच दिवसांत असा किती प्राणवायू लागेल, याच्या मापाला जैवरासायनिक प्राणवायू मागणी अथवा ‘बीओडी’ म्हणतात. पन्नास हजार वस्तीच्या गावाचा हिशेब पाहावा. माणशी १३५ लिटर पाणीपुरवठ्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी गटारात येते. म्हणजे दिवसाला ५४ लाख लिटर. त्याची बीओडी लिटरमागे २५० मिलिग्रॅम धरल्यास एकूण मागणी १,३५० किलो होते. उन्हाळ्यात नदी सेकंदाला एक घनमीटर वाहत असेल, तर दिवसभराच्या प्रवाहात जेमतेम ६५० किलो प्राणवायू असतो. हवेतून त्यात भर पडते खरी. पण बंधाऱ्यामागे तुंबलेल्या संथ पाण्यात ती फार मंद असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मत्स्यजीवनासाठी लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू आवश्यक मानला आहे. तो पुरता संपला की पाणी काळे पडते आणि सडक्या अंड्यांसारखी दुर्गंधी सुटते.

जी भूक नदीत भागली असती, ती केंद्रात आधीच भागविली जाते. प्रथम जाळीवर चिंध्या व प्लास्टिक अडते, मग वाळू खाली बसते. त्यानंतरची वायुवीजन टाकी हा केंद्राचा प्राण. तेथे ब्लोअरने तळातून हवा सोडतात आणि तपकिरी गाळातील असंख्य जिवाणू काही तासांत सेंद्रिय द्रव्ये फस्त करतात. पुढे निवळण टाकीत गाळ तळाशी बसतो. त्यातील काही भाग पुन्हा वायुवीजन टाकीत सोडला जातो, आणि खरी युक्ती इथेच आहे. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे एडवर्ड आर्डर्न व विल्यम लॉकेट यांनी बसलेला गाळ फेकून न देता पुढच्या पाण्यासाठी वापरला, तेव्हा आठवड्यांचे काम तासांवर आले. १९१४ साली त्यांनी ही ‘सक्रिय गाळ’ पद्धती जाहीर केली. एकाच टाकीत पाणी भरणे, हवा देणे, निवळणे व उपसणे ही त्यांच्या प्रयोगातील रीत आज ‘एसबीआर’ या नावाने, स्वयंचलित झडपांसह, पुन्हा प्रचारात आली आहे.

२०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार महानगरांबाहेरील केंद्रांसाठी बीओडीची मर्यादा ३० मिलिग्रॅम होती. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ती १० असावी असे सांगितले. वरील गावाच्या बाबतीत हा फरक १६२ किलो आणि ५४ किलो यांतील आहे. उन्हाळी नदीला तो किरकोळ नव्हे.

प्राणवायूखेरीज प्रश्न रोगजंतूंचा. २०१२ मध्ये पंचगंगेकाठच्या इचलकरंजीत काविळीची साथ येऊन माणसे दगावली आणि नदीत मिसळणाऱ्या मैलापाण्याचा प्रश्न ऐरणीवर आला. निवळलेल्या पाण्यात अखेरीस क्लोरिन मिसळतात, ते यासाठीच. मात्र पाणी गढूळ राहिल्यास जंतू कणांआड लपतात व क्लोरिन वाया जाते. नायट्रोजन व फॉस्फरस साध्या केंद्रात पुरेसे निघत नाहीत; जलपर्णी त्यांवरच पोसते.

छोट्या केंद्राचे दुखणे यंत्रात क्वचितच, बहुधा भोवतालात असते. वीज खंडित होऊन ब्लोअर बराच काळ थांबले की जिवाणू गुदमरतात आणि गाळ पूर्ववत होण्यास काही दिवस जातात. जादा गाळ वेळेवर काढून वाळविला नाही, तर तो निवळण टाकीतून उसळून थेट नदीत जातो. आणि भुयारी गटारांना न जोडलेल्या वस्त्यांचे पाणी नाल्याने येते. ते नाल्यावर बांध घालून पंपाने केंद्राकडे वळवावे लागते. पहिल्या मोठ्या पावसात ते बांधावरून वाहते आणि केंद्राला न भेटताच नदीला मिळते.