शालेय जिल्ह्यांचे उत्तरदायित्व, अमेरिकेतील

विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक संपादनावरून शाळांची व शालेय जिल्ह्यांची प्रतवारी लावून त्यांना शासनास व जनतेस जबाबदार धरण्याची अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील व्यवस्था. तेथील शालेय जिल्हा आपल्याकडील महसुली जिल्ह्याहून वेगळा आहे. तो बहुधा लोकनियुक्त मंडळाच्या हाती असलेला व बऱ्याच अंशी स्थानिक मालमत्ताकरावर चालणारा स्वायत्त घटक होय. त्यामुळे त्याचा हिशेब प्रथम स्थानिक मतदार घेत आणि तोही मुख्यतः इमारती, शिक्षक व खर्च यांचा. बॉस्टन येथे १८४५ मध्ये लेखी परीक्षा घेऊन शाळांची तुलना झाली होती. तथापि प्रतवारीची कायमची यंत्रणा फार नंतरची.

१९६५ च्या प्राथमिक व माध्यमिक शिक्षण अधिनियमाने गरीब मुलांच्या शिक्षणासाठी संघीय निधी उपलब्ध झाला. पुढल्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या अहवालाने शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा कौटुंबिक पार्श्वभूमीचा संपादनाशी अधिक निकटचा संबंध असल्याचे दाखविले. साहजिकच ‘किती खर्च केला’ याऐवजी ‘मुले काय शिकली’ हा प्रश्न पुढे आला. टेक्सस राज्याने १९९३ मध्ये शाळा व जिल्हे या दोहोंसाठी श्रेणी ठरविल्या. फ्लॉरिडाने १९९९ मध्ये शाळांना ‘ए’ ते ‘एफ’ अशी अक्षरे दिली. केवळ अंतिम गुण पाहिल्यास श्रीमंत वस्तीतील शाळा नेहमीच वरचढ ठरतात. यावर उपाय म्हणून टेनेसी राज्याने १९९२ मध्ये विद्यार्थ्याची वर्षभरातील प्रगती मोजणारी ‘मूल्यवर्धन’ पद्धती स्वीकारली. तिचे जनक विल्यम सँडर्स हे मूळचे कृषिसंशोधनातील संख्याशास्त्रज्ञ होते, ही गोष्ट लक्षणीय आहे.

जानेवारी २००२ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी ‘एकही मूल मागे राहू नये’ या आशयाच्या अधिनियमावर स्वाक्षरी केली. तिसरी ते आठवीपर्यंत वाचन व गणित यांच्या वार्षिक परीक्षा सक्तीच्या झाल्या. २०१३–१४ पर्यंत सर्व विद्यार्थी प्रवीण व्हावेत, असे लक्ष्य होते. वांशिक गट, गरीब, अपंग व इंग्रजी शिकणारी मुले यांचे निकाल स्वतंत्रपणे जाहीर करणे बंधनकारक ठरले. जिल्ह्याच्या सरासरीआड दडलेली उपेक्षा त्यामुळे प्रथमच उघड झाली, हे या अधिनियमाचे खरे श्रेय. मात्र प्रावीण्याची पातळी ठरविण्याचा अधिकार राज्यांकडेच राहिल्याने काहींनी ती खाली आणली. परीक्षेत नसलेल्या विषयांचे तासही घटले. अटलांटा जिल्ह्यात तर शिक्षकांनीच उत्तरपत्रिकांत दुरुस्त्या केल्या. २०११ च्या राज्यस्तरीय चौकशीत ५६ पैकी ४४ शाळांत गैरप्रकार आढळले. २०१५ मध्ये ११ जण दोषी ठरले. इंग्लंडमध्ये १८६२ पासून व पुढे मुंबई इलाख्यातही राबविलेल्या निकालाधिष्ठित अनुदानपद्धतीत घोकंपट्टीबाबत अशाच तक्रारी झाल्या होत्या.

डिसेंबर २०१५ च्या नव्या अधिनियमाने परीक्षा कायम ठेवल्या, पण उपाययोजना बव्हंशी राज्यांकडे सोपविली. त्याच वर्षीच्या टेक्ससमधील कायद्यानुसार एखादी शाळा लागोपाठ पाच वर्षे अनुत्तीर्ण ठरल्यास ती बंद करणे किंवा संपूर्ण जिल्ह्याचे लोकनियुक्त मंडळ बाजूस सारणे राज्याला भाग पडते. ह्यूस्टनच्या बाबतीत दीर्घ न्यायालयीन वादानंतर जून २०२३ मध्ये हेच घडले. राज्यातील या सर्वांत मोठ्या जिल्ह्यावर शासननियुक्त व्यवस्थापक मंडळ आले.