एमसीआर पादत्राणे

एमसीआर पादत्राणे ही तळव्याची संवेदना गमावलेल्या व्यक्तींसाठी बनविली जाणारी संरक्षक पादत्राणे आहेत. मायक्रोसेल्युलर रबर या नावाचे एमसीआर हे लघुरूप होय. असंख्य सूक्ष्म बंद पोकळ्या असलेल्या या मऊ रबराचा आतील तळ आणि त्याखाली काटा-खिळा आत येऊ न देणारा कठीण तळ, अशी त्यांची दुहेरी रचना असते. भारतात त्यांचा वापर प्रामुख्याने कुष्ठरोगामुळे पाय बधिर झालेल्यांसाठी झाला. मधुमेहामुळे बधिरता आलेल्या पायांसाठीही याच तत्त्वावरील पादत्राणे दिली जातात.

गरज

कुष्ठरोगाचे जंतू चेतातंतूंवर आघात करतात. घोट्याच्या आतील बाजूने तळव्याकडे जाणारी नस निकामी झाली की तळव्याला स्पर्श, उष्णता व वेदना जाणवत नाहीत. घाम येणे थांबल्याने त्वचा कोरडी पडून भेगाळते. बोटे वाकडी होतात आणि चालताना चवड्याच्या हाडांवर अधिक भार येतो. निरोगी माणूस पाय दुखू लागताच नकळत चाल बदलतो किंवा थांबतो. बधिर पायाला ही सूचनाच मिळत नाही. एकाच जागी वारंवार पडणाऱ्या दाबाने आतील ऊती दुखावतात, फोड येतो आणि पुढे व्रण होतो. व्रणातील संसर्ग हाडापर्यंत पोहोचल्यास बोटे किंवा पाऊल गमावण्याची वेळ येते. बोटे झडणे हे रोगाचे थेट लक्षण आहे, हा समज यातूनच रूढ झाला.

औषधोपचाराने जंतू मरतात, परंतु जुनी बधिरता सहसा भरून येत नाही. त्यामुळे रोगमुक्त झालेल्या व्यक्तीलाही पादत्राणांची गरज आयुष्यभर राहते.

वर्धा जिल्ह्याचा संदर्भ

विनोबा भावे यांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठधाम सुरू केले. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनचे मुख्यालय वर्धा येथे आहे. या संस्थेचे डॉ. रा. वि. वारदेकर यांनी सर्वेक्षण, शिक्षण व उपचार यांची सांगड घालणारी कार्यपद्धती रूढ केली. रुग्णांना वसाहतीत आणण्याऐवजी कार्यकर्त्यांनी गावोगावी जाऊन रुग्ण शोधावेत आणि रुग्णाने घरीच राहून औषध घ्यावे, हा तिचा गाभा होता. १९८० च्या दशकाच्या आरंभी बहुविध औषधोपचार ज्या जिल्ह्यांत प्रथम सुरू झाला, त्यांत वर्धा होता.

घरी राहणारा रुग्ण शेतात राबतो, हे येथे महत्त्वाचे ठरते. वैशाखातील तापलेली जमीन, बाभळीचे काटे आणि कापणीनंतर शेतात उरणारे पऱ्हाटीचे टोकदार खुंट हे सर्व बधिर तळव्याला सारखेच. त्यांतले काहीच कळत नाही. स्वयंपाकघरात वा देवळात चप्पल न घालण्याच्या रीतीमुळे घरातही पाय उघडा राहतो. चुलीजवळ होणाऱ्या भाजण्याच्या जखमा त्यातूनच उद्भवतात.

रचना

वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. पॉल ब्रँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी बधिर पायावरील दाबाचा अभ्यास केला आणि अशा पादत्राणांचा प्रसार केला. आतील रबराचा कठीणपणा शोअर मापनात सुमारे १५ अंश असतो. चिमटीत दाबल्यावर त्याची जाडी निम्म्यावर आली पाहिजे, ही कारागिराची साधी कसोटी. पायाच्या आकाराप्रमाणे घडविलेला तळ भार अधिक क्षेत्रावर विभागतो. चवड्याच्या हाडांच्या मागे आडवी पट्टी बसविल्यास हाडांच्या टोकांवरील दाब घटतो. मात्र ती थोडी जरी पुढे सरकली, तरी ज्या जागेचे रक्षण करायचे तिथेच दाब वाढतो.

सांधणीत खिळे वापरीत नाहीत. भाग चिकटवतात किंवा शिवतात. बधिर पायात चप्पल निसटल्याचे कळत नाही आणि अंगठ्याने ती धरून ठेवता येत नाही, म्हणून टाचेमागे पट्टा आवश्यक असतो. पाऊल उचलता येत नसल्यास पुढचा भाग वर खेचणारी स्प्रिंग किंवा पट्टा जोडतात.

वापर व मर्यादा

नवी जोडी पहिल्या दिवशी थोडाच वेळ घालून नंतर तळव्यावर लाली वा उष्ण जागा आहे का, हे पाहावे लागते. उघडा व्रण केवळ पादत्राणाने बरा होत नाही. त्यासाठी विश्रांती किंवा प्लास्टर लागते. दररोज पाय पाण्यात भिजवून तेल लावणे आणि नजरेने तपासणे याला पर्याय नाही.

काळ्या रबराची ठरावीक धाटणीची चप्पल पाहताच लोक रोग ओळखीत. त्यामुळे अनेकांनी ती घरी ठेवून दिली व अनवाणी चालणे पसंत केले. या अनुभवानंतर बाजारातील सँडलसारखे रंग व घडण स्वीकारली जाऊ लागली. वापराने रबर दबून सपाट होते व त्याचा उपयोग संपतो, म्हणून राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमात पात्र व्यक्तीस वर्षाला दोन जोड देण्याची तरतूद आहे.