फिरत्या थाळीचा इतिहास

मायक्रोवेव्हमध्ये पापड भाजून पाहिला असेल, तर एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. तो काही ठिकाणी छान फुलतो, काही ठिकाणी कच्चा राहतो आणि एखाद्या जागी चक्क करपतो. आमच्याकडे याचं खापर पापडाच्या कंपनीवर फुटतं. पण दोष पापडाचा नाही, लहरींचा आहे.

या यंत्राचा जन्म युद्धातला. १९४० साली बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट यांनी रडारसाठी नव्या धर्तीचा, जबरदस्त ताकदीचा मॅग्नेट्रॉन बनवला. त्याच वर्षी तो अमेरिकेत पोचला. तिथे रेथिऑन कंपनीत पर्सी स्पेन्सर त्यावर काम करत असे. शाळा अर्धवट सोडलेला माणूस! (आम्हा शिक्षकांनी यावर काय बोलावं?) त्याच्या खिशातलं चॉकलेट वितळल्याची गोष्ट प्रसिद्धच आहे. १९४५ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि १९४७ मध्ये माणसाएवढं उंच, तीनशे किलोहून जड यंत्र बाजारात आलं.

अन्न झटपट तापत होतं, पण सारखं तापत नव्हतं. लहरी धातूच्या भिंतींवर आपटून परत येतात आणि एकमेकींत मिसळतात. त्यामुळे काही जागी जोर वाढतो, तर काही जागी जवळजवळ काहीच उरत नाही. घरगुती यंत्रातल्या लहरीची लांबी साधारण १२ सेंटिमीटर, म्हणून असे गरम ठिपके सुमारे सहा-सहा सेंटिमीटरवर पडतात. त्यावर पहिला उपाय म्हणजे लहरी विखुरणारा धातूचा पंखा. नंतर १९६६ मध्ये जपानच्या शार्प कंपनीने उलटा विचार केला: लहरी जागच्या हलत नसतील, तर अन्नच फिरवा! जात्यावर दळणाऱ्या आपल्या आज्यांना हे सहज पटलं असतं. गंमत म्हणजे अलीकडच्या काही यंत्रांत थाळी नाहीच, तळाखाली पुन्हा पंखाच आहे.

पण थाळीचा मध्य जागच्या जागीच फिरतो. म्हणून बटाटे मध्ये रचू नयेत, कडेने गोल मांडावेत. शिवाय अन्न आतून शिजतं हा निव्वळ गैरसमज. लहरी दोन-तीन सेंटिमीटरच आत शिरतात, पुढची उष्णता हळूहळू झिरपते. त्यासाठीच यंत्र बंद झाल्यावर दोन मिनिटं झाकून ठेवायचं. बर्फाचं तर वेगळंच. तो लहरी फारशा शोषत नाही, पाणी मात्र भराभर शोषतं. त्यामुळे गोठलेल्या भाजीची कड उकळते आणि मधे खडा तसाच राहतो. यंत्रातलं डीफ्रॉस्टचं बटण थांबून थांबून तापवतं, ते याचसाठी.

कालची आमटी किंवा चिकन गरम करताना हे विशेष पाळावं. वाफ दिसली म्हणजे झालं, असं नाही. मधला गार भाग जंतूंना पुरतो. अर्ध्यात ढवळावं, आणि मधोमधही ७४ अंशांपर्यंत, म्हणजे चांगलं कढत झालेलं असावं. घरात लहान मूल किंवा आमच्या वयाचं कुणी असेल, तर नक्कीच.