इन्सीनच्या मैदानावरील तीन दिवस

विमानविद्येचा इतिहास सांगताना आपण बहुधा उड्डाणांविषयीच बोलतो. कोण कोठून निघाले आणि किती दिवसांत कोठे पोहोचले, एवढे सांगितले की कथा पुरी झाली असे आपणांस वाटते. परंतु वैमानिकाची खरी परीक्षा पुष्कळदा जमिनीस टेकतानाच होते; आणि ती जमीन विमानासाठी तयार केलेली नसेल तर चांगल्या वैमानिकाचेही तेथे काही चालत नाही. १९३० च्या मे महिन्यात ब्रह्मदेशात झालेला असा एक अपघात आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्यात कोणाचा प्राण गेला नाही. पण एक विक्रम गेला.

कुमारी एमी जॉन्सन ही इंग्लंडातील हल शहरी १९०३ साली जन्मली. लंडनला वकिलाच्या कचेरीत टंकलेखन करता करता ती विमान चालवावयास शिकली, आणि १९२९ साली विमानदुरुस्तीचा परवाना मिळविणारी पहिली ब्रिटिश स्त्री ठरली. वडिलांच्या व लॉर्ड वेकफील्ड यांच्या साह्याने तिने एक जुने ‘जिप्सी मॉथ’ विमान सहाशे पौंडांस घेतले व त्याचे नाव ‘जेसन’ ठेवले. बर्ट हिंकलर याने १९२८ साली इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाचा पल्ला साडेपंधरा दिवसांत गाठला होता. तो विक्रम मोडावयाचा, हा तिचा संकल्प.

५ मे १९३० रोजी ती क्रॉयडनहून निघाली. त्याच दिवशी, मध्यरात्र उलटल्यावर, इकडे कराडी येथे महात्माजींना अटक झाली होती. त्या महिन्याची आपल्याकडील आठवण सोलापूरच्या लष्करी कायद्याची आहे, विमानांची नव्हे. हे साहजिकच होय. कराचीस ती सहाव्या दिवशी पोहोचली, म्हणजे हिंकलरच्या दोन दिवस पुढे. पुढे पेट्रोल कमी पडल्यामुळे तिला झाशीच्या कवायतीच्या मैदानावर उतरावे लागले. तेथे पंखास इजा झाली आणि ती सुताराने नीट केली. १२ मे रोजी तिने कलकत्ता गाठले.

१३ मे रोजी ती रंगूनकडे निघाली. ब्रह्मदेश तेव्हा हिंदुस्थान सरकारच्याच कारभारात होता. तो वेगळा झाला १९३७ साली. रंगूनच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर उतरावयाचे ठरले होते. पण पावसाने व ढगांनी दिशा चुकविली, आणि रंगूनच्या उत्तरेस इन्सीन येथे सरकारी तांत्रिक विद्यालयाचे खेळाचे मैदान पाहून तिने विमान तेथेच उतरविले.

येथे त्या यंत्राची घडण लक्षात घेतली पाहिजे. मॉथ विमान लाकडाचे व कापडाचे. त्याच्या चाकांना ब्रेक नव्हते. शेपटीखालची खुंटी जमिनीवर घासत जाई आणि तेवढ्यानेच वेग मोडे. ओल्या गवतावर हे घर्षण कमी होते, आणि खेळाचे मैदान विमानाच्या हिशेबाने अपुरे. विमान घसरत जाऊन चरात पडले. पंखा तुटला, एक पंख फाटला, चाकांचा सांगाडा मोडला.

पुढील तीन दिवस हाच या कथेचा गाभा होय. विमान चुकीच्या मैदानावर पडले खरे, पण ते मैदान कारागिरांचे होते! विद्यालयातील शिक्षक व विद्यार्थी दुरुस्तीस लागले. जादा पंखा तिने बरोबर आणलाच होता. पंखाच्या कापडाचा प्रश्न मात्र अवघड. पहिल्या महायुद्धातून उरलेल्या विमानी कापडाचे कोणी सदरे शिवले होते. ते सदरे उसवून पंखावर चढविले गेले. कापड ताणून घट्ट करणारे रोगण गावातील औषधविक्याने जमवून दिले. मग विमान शर्यतीच्या मैदानावर नेण्यात आले आणि १६ मे रोजी ते बँकॉककडे निघाले.

२४ मे रोजी ती डार्विनला पोहोचली. एकट्याने इंग्लंडहून ऑस्ट्रेलियास विमान नेणारी ती पहिली स्त्री ठरली, आणि हा मान योग्यच होता. पण साडेएकोणीस दिवस लागले. कराचीस मिळविलेली आघाडी इन्सीनच्या चरात गेली होती. आज ‘जेसन’ लंडनच्या विज्ञान संग्रहालयात टांगलेले आहे. त्यापुढे उभ्या राहणाऱ्यास वैमानिकेचे नाव आठवते. ते इन्सीनला ज्यांनी पुन्हा उभे केले, त्यांची आठवण क्वचितच कोणास होते.

आम्हांस या अपघातात दोन गोष्टी दिसतात. पहिली, आकाशमार्ग हा जमिनीवर बांधावा लागतो. आपल्याकडेही १९३२ साली टाटांची टपालविमाने मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरू लागली, तेव्हा पावसाळ्यात तेथे पाणी भरे व विमाने पुण्यास न्यावी लागत. दुसरी गोष्ट अशी की, पराक्रम एकाचा म्हणून लिहिला जातो, पण तो पार पडतो अनेकांच्या हातांनी. एमीचे धैर्य यामुळे तिळमात्र कमी होत नाही. मात्र ज्यांनी अनोळखी पाहुणीसाठी तीन दिवस खपून सदऱ्यांचे पंख केले, त्यांचा वाटा इतिहासाने एका ओळीत आटोपू नये, एवढेच आमचे मागणे आहे.