ट्रकच्या दारातली छोटी काच

मुंबईच्या जुन्या फियाट टॅक्सीत पुढच्या आसनावर बसलेल्यांना दाराच्या कोपऱ्यातली ती छोटी त्रिकोणी काच आठवत असेल. खटका दाबून ढकलली की ती उभ्या आसाभोवती फिरे आणि वारा थेट तोंडावर येई. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या टॅक्सीने मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला. या काचेचा मोठा प्रसार मात्र अमेरिकेत झाला. तिथे हौसेने जुने ट्रक चालवणारी मंडळी अजून तिच्याशी झगडत असतात. तक्रार बहुधा एकच : काच शाबूत, चौकट शाबूत, पण काच चौकटीत खुळखुळते आणि एखाद्या दिवशी हातातच येते. ती का सुटते हे समजण्यासाठी आधी ती दारात आली कशी, हे पाहू.

मोटारी सुरुवातीला उघड्याच असत. १९२० च्या दशकात अमेरिकेत बंद टपाच्या गाड्या वाढल्या आणि एक नवीच अडचण उभी राहिली. थंडीत खिडकी उघडावी तर अंगावर बोचरा झोत. बंद ठेवावी तर आतल्यांच्या श्वासातील वाफेने समोरची काच धुरकटते. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने १९३३ च्या गाड्यांत यावर ‘नो ड्राफ्ट’ या नावाने तोडगा काढला. खिडकीचा एक तुकडा वेगळा करून तो आसावर फिरता ठेवला. थोडासा उघडला की त्याची मागची कड बाहेर येते, बाहेरून वाहणारी हवा तिच्यावरून दूर ढकलली जाते आणि कडेच्या मागे दाब थोडा कमी होतो. आतली कोंदट हवा त्या फटीतून बाहेर खेचली जाते. तोच तुकडा पार उलटा फिरवला की तो सुपासारखा बाहेरची हवा आत घेतो. एकाच काचेकडून दोन कामे! पंखा नाही, वीज नाही.

ट्रकना हे सुख उशिरा मिळाले. शेवरोलेच्या १९४७ मध्ये आलेल्या ट्रकच्या दारात अशी काच नव्हती, ती १९५१ च्या ट्रकपासून आली. उलट, मोटारींतून ती लवकर गेली. फोर्डच्या इंग्लंडमधील कॉर्टिना गाडीत १९६४ च्या अखेरीस हवा समोरून आत घेऊन मागून बाहेर सोडणारी व्यवस्था आली, शेवरोलेच्या कॅमॅरो गाडीतून १९६८ च्या आवृत्तीत ही काच वगळली गेली, आणि वातानुकूलनाने बाकीचे काम केले. अमेरिकी ट्रकमध्ये मात्र ती १९८० च्या दशकापर्यंत टिकून होती.

आता या काचेवर किती भार येतो याचा हिशेब करू. नववीच्या मुलांकडूनही करून घेता येईल. समजा, काच २० सेंटिमीटर रुंद आणि २५ सेंटिमीटर उंच, म्हणजे क्षेत्रफळ ०.०५ चौरस मीटर. हवेची घनता घनमीटरला १.२ किलो. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाताना पूर्ण वाऱ्यावर धरलेल्या या काचेवर सुमारे २३ न्यूटन, म्हणजे सव्वादोन किलो वजनाएवढे बल येते. ताशी ५० ला त्याचा चौथा हिस्सा. हे काही फार नाही. खरा त्रास दार धाडकन आपटण्याचा आणि काचेच्या मोकळ्या कडेला बोट लावून ती ढकलण्याच्या सवयीचा.

उष्णतेने काच आणि पोलाद वेगवेगळे प्रसरण पावतात म्हणून सांधा सुटतो, असे उत्तर पाठ्यपुस्तकाची सवय झालेला माणूस चटकन देईल. तेही तपासू. ३० सेंटिमीटर लांबीत आणि ४० अंशांच्या फरकात काचेच्या व पोलादाच्या प्रसरणातला फरक सुमारे ३६ मायक्रॉन भरतो. केसाच्या जाडीपेक्षाही कमी. गुन्हेगार दुसरा आहे.

काच चौकटीत चिकटवलेली नसतेच. चौकट म्हणजे पोलादी पत्र्याची इंग्रजी ‘यू’ आकाराची पन्हळ. काचेच्या कडेवर रबराची पातळ पट्टी दुमडून घालतात आणि पट्टीसकट कड पन्हळीत दाबून बसवतात. दबलेले रबर मूळ जाडीला परत येऊ पाहते, दोन्ही बाजूंना रेटते, आणि त्या रेट्यामुळे निर्माण झालेले घर्षण काच धरून ठेवते.

हा रेटा टिकाऊ झाला तो व्हल्कनीकरणामुळे. कच्चे रबर उन्हात चिकट आणि थंडीत कडक होई. अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता यांचा परिणाम उमगला व १८४४ मध्ये पेटंट मिळाले; इंग्लंडमध्ये टॉमस हॅनकॉक यांनीही त्याच सुमारास पेटंट घेतले. गंधकाचे अणू रबराच्या लांब रेणुसाखळ्यांना मधूनमधून एकमेकींशी बांधतात. ताणले वा दाबले तरी साखळ्या एकमेकींवरून घसरून जात नाहीत, परत येतात.

आमच्या बहुतेक पुस्तकांत रबराची गोष्ट इथेच संपते. गुडइयरची शेगडी सगळ्यांना ठाऊक, पुढची शंभर वर्षे कोणी सांगत नाही. हवेतला ऑक्सिजन साखळ्यांचे काही बंध तोडत असतो आणि तुटलेली टोके जिथे असतील तिथे नव्याने जोडली जातात. पट्टी वर्षानुवर्षे दबलेली असल्याने हे नवे बंध दबलेल्या आकारातच तयार होतात. मग तोच आकार पट्टीचा ‘मूळ’ आकार होतो. पट्टी जागेवर असते, डोळ्यांना ठीकठाकही दिसते, पण तिचा रेटा गेलेला असतो. वर्गात दाखवायचे तर एक नवा रबरबँड आणि औषधाच्या बाटलीला दोन वर्षे ताणून बसलेला दुसरा, दोन्ही शेजारी ठेवावेत. दुसरा सोडल्यावर बाटलीच्या घेराएवढाच राहतो. पन्हळीत पाणी साचून गंज धरला तर भर पडते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो आणि पन्हळीचे ओठ फाकवतो.

मग दुरुस्ती कशी करावी? खुळखुळणाऱ्या फटीत कडक इपॉक्सी ओतण्याचा मोह आवरावा. त्यात लवचीकता नसते, दाराचा प्रत्येक दणका थेट काचेच्या कडेला पोचतो. समोरची काच बसवण्यासाठी वापरतात ते पॉलियुरेथेन लवचीक राहते, ते चालते आणि पुष्कळ कारागीर तेच वापरतात. माझे मत तरी पट्टीच्या बाजूने आहे. पॉलियुरेथेनने बसवलेली काच पुढच्या खेपेला काढायची म्हणजे कापाकापी आली, आणि काच कडेला दुखावण्याचा धोका आला. पट्टी असेल तर पुढचा माणूस ती नुसती बदलतो.

काच काढून पन्हळ आतून खरवडावी, गंज घासून त्यावर गंजरोधक रंग द्यावा आणि रंग पूर्ण वाळू द्यावा. ओठ फाकले असतील तर लाकडाचा ठोकळा आत धरून हलक्या हाताने सरळ करावेत. नंतर फट मोजावी. फटीतून काचेची जाडी वजा करून दोनने भागले की एका बाजूची जागा मिळते. पट्टी त्याहून थोडी जाड हवी, नाहीतर ती दबणारच नाही. काच कठीण केलेली असेल तर तिची कड कानसीने घासू नये. अशा काचेचा पृष्ठभाग आतून दाबाखाली असतो आणि कडेला खोल ओरखडा गेला की अख्खी काच चुरा होते. काच दोन थरांची असेल तर मधल्या प्लॅस्टिकला द्रावके लागू देऊ नयेत.

पट्टी कडेवर चढवून साबणाच्या पाण्याने ओली करावी. तेल लावू नये, कारण नैसर्गिक रबर तेलाने फुगते आणि मऊ पडते. काच जाड कापडावर उभी धरून चौकट वरून एका टोकाकडून दुसऱ्याकडे थोडी थोडी दाबत न्यावी, लागल्यास रबरी हातोडीने. साबणाचे पाणी वाळले की घर्षण परत येते, म्हणून एक दिवस काच तशीच राहू द्यावी. मग बाहेर आलेली पट्टी धारदार पात्याने कापून चौकट दारात बसवावी, आणि काच उघडताना कडेऐवजी खटक्यालाच हात घालावा.