खो-खोचं मैदान, मुलांचं मन आणि शाळेची हजेरी

"परीक्षा जवळ आली, आता खेळ बंद!" मुदखेड असो की लातूर, हे वाक्य घराघरांत ऐकू येतं. पण मैदानाचा मनाशी आणि शाळेशी काय संबंध, हे समजून घेण्यासाठी थोडं मागे जाऊ.

1914 च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बांधले. त्याच काळात अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं राहिलं. तेव्हा भर होता तो शरीर कमावण्यावर आणि शिस्तीवर. मनाच्या आरोग्याचा विचार पुष्कळ नंतर आला.

आपल्या मराठवाड्यातलंच उदाहरण घ्या. उस्मानाबादची (आताचं धाराशिव) सारिका काळे भारतीय महिला खो-खो संघाची कर्णधार झाली. 2016 मध्ये घरच्या आर्थिक ओढाताणीमुळे ती इतकी खचली, की तिने खेळ सोडायचं ठरवलं होतं. प्रशिक्षकांनी समजूत घातली आणि ती मैदानावर परतली. 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. तिला सावरणारं माणूस मैदानावरच भेटलं होतं, हे लक्षात घ्या.

मैदानावर नेमकं काय घडतं?

खो-खोत आठ जण पाटीवर बसतात, नववा पाठलाग करतो. एक जण आला नाही तरी सगळ्यांना जाणवतं. "माझी कुणीतरी वाट पाहतंय" ही भावना उदास मुलासाठी मोठा आधार असते. शिवाय व्यायामाने झोप सुधारते, ताण उतरतो. संध्याकाळी सराव असेल, तर सकाळी शाळेला दांडी मारावीशी वाटत नाही. अर्थात, खेळामुळेच हजेरी वाढते असं सरसकट म्हणता येणार नाही. घरची परिस्थिती, स्थलांतर, आजारपण हेही महत्त्वाचं. आणि जिथे हरल्यावर अपमान होतो, तिथे खेळाचाच ताण होतो.

पालकांनी आणि शिक्षकांनी काय करावं?

- जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 5 ते 17 वर्षांच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं हालचाल हवी. परीक्षेच्या दिवसांतही थोडा खेळ ठेवा.
- गुण कमी पडले म्हणून संघातून काढू नका.
- आवडता खेळ मुलाने अचानक सोडला, तर रागावण्याआधी कारण विचारा.
- दोन आठवडे उदासी, चिडचिड, झोप न लागणं किंवा शाळा टाळणं दिसलं, तर डॉक्टरांना भेटा. टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा ऐकली, तर एक दिवसही थांबू नका.

खेळ हा औषधाला पर्याय नाही. पण खचलेल्या मुलाचं मैदान काढून घेणं, म्हणजे त्याचा आधारच काढून घेणं.